तायनाराचं पाऊण किलो

१

काट्यावरचा आकडा लाल झाला तेव्हा तायनारा हसली. तिला वाटलं, काटा बिघडलाय.

"पाऊण किलो जास्त," काट्यावरचा माणूस म्हणाला. "उतर खाली. पुढची कोण?"

"पुन्हा एकदा बघा ना."

"एकदाच असतं, पोरी. तुला काय नवीन आहे का?"

नवीन काहीच नव्हतं. ब्राझीलमधल्या मनाउसच्या त्या सभागृहात राज्यस्पर्धेसाठी जमलेल्या लहानथोर सगळ्यांना हा नियम पाठ होता. जिउ-जित्सूमध्ये लढतीच्या अगदी तोंडावर वजन होतं, आणि तेही किमोनो अंगात असताना. जाड विणीचा डगला, विजार आणि कमरेचा पट्टा, सगळं धरून. जास्त भरलं की बाद. मग रडा, पाया पडा, डगला काढून फेका, कुणी ढुंकून बघत नाही.

तायनारा काट्यावरून उतरली. एकोणीस वर्षांची पोर, राज्यातल्या हौशी खेळाडूंमध्ये तिच्या वजनात तिला हात लावणारं कुणी नव्हतं, आणि ती एकही लढत न लढता बाद झाली होती. दिवसच्या दिवस उकडलेलं अंडं आणि अननसाची फोड यावर काढून तिचे गाल आत गेले होते.

"येताना बोटीच्या स्वयंपाकघरात कोण जाऊन आलं, ते काटा सांगतो," ओझिएल मोठ्याने म्हणाला. ओझिएल संस्थेचा चिटणीस. गावात त्याचं औषधाचं दुकान होतं आणि कुणालाही काहीही सुनवायचा परवाना आपल्याकडे आहे अशी त्याची समजूत होती.

"मी काही खाल्लं नाही."

"मग काय हवा खाल्लीस?"

पोरं हसली. केटलेन हसली नाही. केटलेन तायनाराची सरावातली जोडीदारीण, तिच्याच वजनाची. तायनारा बाद झाल्यावर संस्थेची आशा आता तीच होती. आणि वस्ताद एरास्मो, ज्यांनी आपल्या पारिंतिन्स गावात ही तालीम उभी केली, पोरांकडून एक छदाम न घेता इतकी वर्षं चालवली, ते आपल्या चपलांकडे बघत उभे होते.

अल्मेरिंदाने हे सगळं पाहिलं. पाहणं हीच तिची आयुष्यभराची नोकरी होती. पोलीस ठाण्यात तपासाचं काम करून ती निवृत्त झाली होती, आणि निवृत्तीनंतर तालमीत पांढऱ्यावरून निळ्या पट्ट्यापर्यंत पोचली होती. त्या दिवशी ती पोरांचे डबे सांभाळायला म्हणून आली होती. तिने मनात एवढंच नोंदवलं, की तायनाराने काट्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची भीती नव्हती. नुसतं आश्चर्य होतं.

केटलेन पहिल्याच लढतीत हरली. बोटीने सगळे गावी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीचं दार उघडलं तेव्हा मॅटच्या मधोमध तायनाराचा जांभळा पट्टा पडला होता, नीट घडी करून.

पट्टा असा मॅटवर सोडून जाणं म्हणजे खेळ कायमचा सोडणं, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

२

अल्मेरिंदा या तालमीत आली ती तक्रार करायला. तिचं घर समोरच. धपाधप आपटण्याच्या आवाजाने तिची दुपारची झोप मोडायची. भांडायला म्हणून गेली, तर वस्ताद म्हणाले, "चपला काढून ये आणि मग भांड." चपला काढल्या, आणि ती राहिलीच.

खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा वारल्यानंतर, आणि मुलगा दूर दक्षिणेत कुरितिबाला गेल्यानंतर, तिला कुणी हात लावत नव्हतं. दुकानदार सुटे पैसे हातावर ठेवायचा तेवढाच स्पर्श. तालमीत मात्र कुणीतरी कॉलर धरायचं, कुणीतरी पाठीवर लोंबकळायचं, गळा आवळायचं. घरी जाताना तिचं अंग दुखायचं आणि तिला बरं वाटायचं. आणि तायनारा तिला 'मावशी' म्हणायची, रोज, दारातून आत आल्या आल्या.

म्हणून ती तायनाराला शोधत धक्क्यावर गेली. पोर एका मालवाहू बोटीच्या स्वयंपाकघरात कामाला लागली होती. मासे साफ करत बसली होती.

"शनिवारी सकाळी बोट सुटते," ती मान वर न करता म्हणाली. "नदीने वर, पार सीमेपर्यंत जाते. परत कधी येईल माहीत नाही."

"आणि शुक्रवारची बैठक?"

"तिथे माझं काय काम?"

काम होतं. देशपातळीच्या हौशी स्पर्धेला प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला आपल्या पसंतीचं एक नाव पाठवता येतं, राज्यस्पर्धेत काहीही होवो. ते नाव शुक्रवारी संध्याकाळी ठरणार होतं. तिथे जो चमकतो त्याला साओ पाउलोच्या मोठ्या तालमी राहायला जागा देतात, शिकवतात. तायनारासाठी ती एकच वाट होती. आणि ओझिएलने गावभर सांगायला सुरुवात केली होती, की खादाड आणि खोटारड्या पोरीचं नाव संस्था पाठवणार नाही.

"खरं सांग. खाल्लंस?"

"नाही, मावशी."

"मग त्या सकाळी काही वेगळं वाटलं?"

तायनाराने सुरी खाली ठेवली. "भूक. दुसरं काय. डगला अंगात घातला तर खांद्यावर कुणी बसलंय असं वाटलं. म्हटलं, जीवच उरला नाही अंगात. उपाशी माणसाला सदरासुद्धा जड होतो."

"डगला तुझाच होता?"

"माझाच. पाठीवर मासा, माशाखाली माझं नाव. बॅगेतून काढून वस्तादांनी हातात दिला. ब्लीचचा वास येत होता, एवढंच. हल्ली वस्ताद ब्लीच जरा जास्तच ओततात."

मासा म्हणजे संस्थेचा कापडी बिल्ला. गावात दरवर्षी दोन बैलांचा उत्सव होतो, आणि त्यात गाव अर्धं लाल बैलाचं, अर्धं निळ्या बैलाचं. उत्सवाच्या दिवसांत सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून तालमीत एक मॅट लाल तर शेजारची निळी, आणि बिल्ल्यावरचा मासा पिवळा, कुणालाच नाक मुरडायला जागा नको म्हणून. प्रत्येक स्पर्धेआधी वस्ताद सगळे किमोनो स्वतः धुवायचे आणि बिल्ले उसवून नव्याने शिवायचे. तोच त्यांचा शकुन.

अल्मेरिंदा तालमीत गेली. तिने आधी तालमीचा काटा तपासला, दुकानातलं फारिन्याचं, म्हणजे कसाव्याच्या पिठाचं, सीलबंद पोतं त्यावर ठेवून. काटा बरोबर होता. मग तायनाराचा किमोनो कपाटातून काढून तोलला. तोही बरोबर, नेहमीएवढाच.

तिने तो पुन्हा तोलला. पोरगी खोटं बोलत नव्हती, काटा खोटा नव्हता, किमोनो हलका होता. मग ते पाऊण किलो आलं कुठून, आणि गेलं कुठे?

३

ओझिएल दुकानात खोकल्याचं औषध मोजत होता.

"या, तपास अधिकारी," तो म्हणाला. "गुडघे दुखतात का? या वयात मॅटवर लोळल्यावर दुसरं काय होणार."

"किमोनोंची बॅग तुझ्याकडे होती ना?"

"मीच वाहिली. धक्क्यावरून बोटीत, बोटीतून सभागृहात. दुसऱ्या कुणाचे खांदे आहेत तिथे? वस्ताद म्हातारे, पोरं मोबाइलमध्ये."

"बॅगेत काही टाकलंस?"

तो हसायचा थांबला. "काय म्हणायचंय बाई तुम्हाला?"

"विचारते."

"ती पोरगी जिंकली असती तर माझाच फायदा होता. मी कधीपासून सांगतोय, फुकट शिकवणं बंद करा, थोडी फी घ्या, दारावर पाटी लावा. जिंकणारी पोरगी असेल तर पाटीला अर्थ. आता काय लिहू पाटीवर? 'येथे काट्यावर हरायला शिकवतात'?"

बोलणं कडू होतं, पण खोटं वाटत नव्हतं. अल्मेरिंदा जायला वळली.

"आणि तालमीतली ती भिंत आधी साफ करा म्हणावं," तो मागून म्हणाला. "वर्धापनदिन आलाय. मी वस्तादांना म्हटलं होतं, त्या खुंटीवरच्या तुमच्या जुन्या चिंध्या द्या माझ्याकडे, डगला आणि पट्टा दोन्ही धुण्याच्या यंत्रात घालून आणतो. असे बघत राहिले माझ्याकडे, जणू मी त्यांच्या आईबद्दल बोललो."

अल्मेरिंदाला हसू आलं. ओझिएल कधी मॅटवर उतरला नव्हता. एकदा त्याने हौसेने पोरांचे पट्टे साबणाच्या पाण्यात बुडवले होते, आणि अख्ख्या तालमीवर सुतक आलं होतं. पट्टा धुवायचा नसतो. त्यात घाम असतो, मार खाल्लेला असतो, शिकलेलं सगळं असतं. धुतला की वाहून जातं, असं तिथलं लहान मूलही मानतं. डगला मळला तर धुवा, पट्ट्याला हात लावायचा नाही. ओझिएलला हे आजही वेडेपणाचं वाटायचं.

४

केटलेनशी बोलायचं तर मॅटवरच. बाहेर ती तोंडाला कुलूप लावायची. दोघी समोरासमोर गुडघ्यांवर बसल्या, हातावर हात मारला, आणि केटलेनने तिची कॉलर पकडली.

"मावशी, तुला मला विचारायचंय ना? विचार."

"तायनारा बाद झाली की तुझी पाळी येते."

"येते." केटलेनने तिला खाली ओढलं, पाय तिच्या कमरेभोवती अडकवले. "आली पण. पहिल्याच पोरीने मला धुतलं. बघितलंस ना."

"तू काही केलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे बघत का नाहीस?"

केटलेन थांबली. कॉलरवरची पकड मात्र सुटली नाही. जवळून तिचा श्वास ऐकू येत होता.

"वजनाआधी आम्ही अंग गरम करत होतो," ती हळू म्हणाली. "मी तिची कॉलर धरली. किती वर्षं धरते मी ती, रोज. डोळे बांधले तरी ओळखेन. डाव्या बाजूला आत एक मऊ जागा आहे, माझ्याच अंगठ्याने झालेली. त्या दिवशी ती जागा नव्हती. कॉलर जाड होती, मुठीत मावेना."

"म्हणजे डगला दुसराच होता."

"मला तेव्हा नाही कळलं. वाटलं, बोटांना चिकटपट्टी गुंडाळलीय म्हणून. मग ती काट्यावर चढली आणि आकडा लाल झाला, आणि मला कळलं." केटलेनचे डोळे भरले. "मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. आणि माझ्या मनात आलं, आता मी. फक्त एवढंच आलं, मावशी. आता मी. आणि तोवर तिला खाली उतरवलं."

अल्मेरिंदाने तिला रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोघी तशाच गुंतून पडून राहिल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, सराव चाललाय.

"असा जाड डगला आपल्याकडे कुणाचा आहे?" शेवटी तिने विचारलं.

"कुणाचाच नाही. या उकाड्यात दुहेरी विणीचा कोण घालेल? जुन्या काळी घालायचे म्हणे."

५

केटलेन गेली आणि तालीम रिकामी झाली. दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं. अल्मेरिंदा निघताना सवयीने वळली आणि समोरच्या भिंतीला वाकून नमस्कार केला. तिथे येणारा-जाणारा प्रत्येकजण करतो. खुंटीवर वस्ताद एरास्मोंचा तरुणपणीचा डगला टांगलेला, आणि त्यावर त्यांचा काळा पट्टा. त्याच डगल्यात त्यांनी नदीकाठच्या सगळ्या गावांच्या मल्लांना लोळवलं होतं.

ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

डगला पांढरा होता.

इतकी वर्षं तो पिवळा होता, जुन्या दातांसारखा. रोज त्याच्यापुढे वाकून वाकून कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, तीही नाही. आता तो धुतलेला होता, ब्लीचमध्ये घोळून. आणि त्यावरचा पट्टा तसाच मळका, घामाने कडक झालेला, धूळसुद्धा न झटकलेला.

ती मॅटवर बसली. विचार करायला फार वेळ लागला नाही. निघालेला निष्कर्ष आवडत नव्हता, एवढंच.

भिंत साफ करायची म्हणून कुणी हे केलं असतं, तर दोन्ही धुतलं असतं. ओझिएलने केलं असतं तर दोन्ही यंत्रात गेलं असतं. तो स्वतःच तसं म्हणाला होता. ज्याने पट्टा अलगद काढून बाजूला ठेवला, डगला तेवढा धुतला आणि पट्टा पुन्हा जसाच्या तसा लावला, तो मॅटवरचा माणूस होता. चोरी करतानाही पट्टा धुवायला त्याचा हात धजला नव्हता.

स्पर्धेच्या दिवसांत तालीम बंद होती. खुंटी मोकळी आहे हे बघायला कुणी नव्हतं. पण परतल्यावर ती मोकळी ठेवून चालणार नव्हतं. सगळे तिला नमस्कार करतात.

तिने डगला उतरवला. मापाला छोटा, वस्ताद तेव्हा सडसडीत होते, तायनाराएवढेच. हातावर घेताच खांद्यापर्यंत वजन जाणवलं. तिने पाठ उजेडात धरली. कापडावर सुईची ताजी भोकं होती, ओळीने, वळत वळत गेलेली. माशाच्या आकारात.

केटलेनही मॅटवरचीच होती. तिनेही पट्टा धुतला नसता. पण ही भोकं जोडीजोडीने होती, दर टाक्याला दोन, शेजारीशेजारी. जाळं विणणारा माणूस प्रत्येक टाक्याला दुहेरी गाठ मारतो. आणि केटलेनला साधं बटण लावता येत नव्हतं.

गावात जाळं विणणारे पुष्कळ होते. तालमीत एकच होता.

६

वस्ताद एरास्मो नदीकाठच्या आपल्या खोपटाच्या पायरीवर बसले होते, मांडीवर जाळं, तोंडात दोरा. तिच्या हातातला डगला बघितला आणि त्यांनी दोरा तोंडातून काढला.

"बस," ते म्हणाले. "कॉफी आहे. गार झालीय."

"नको."

"पट्टा कुठे आहे?"

"खुंटीवर. मी हात लावला नाही."

त्यांनी मान हलवली, जणू आभार मानले. मग त्यांनी नदीकडे पाहिलं. एक बोट वरच्या अंगाला चालली होती, प्रवाशांच्या झोपायच्या झोळ्यांनी भरलेली.

"सेलिओ आठवतो?" वस्ताद म्हणाले. "अबूधाबीला असतो. ज्योव्हाना? लिस्बनला. जुळे भाऊ साओ पाउलोला. सगळ्यांना मी चालायला शिकवलं त्या मॅटवर. पडायचं कसं ते शिकवलं. लोक म्हणतात, एरास्मोने खेळ वाढवला. वाढवला, आणि प्रत्येकाला त्या धक्क्यावर जाऊन हात केला. सुरुवातीला फोन येतात. मग सणाला येतात. मग कुणी लिहितं, वस्ताद, तुमच्यामुळे घडलो. आणि मी इथे बसून जाळं विणतो."

"तायनाराने काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही. रोज सकाळी यायची. मी कुलूप काढायचो, ती खिडक्या उघडायची. बस, एवढंच." त्यांनी जाळ्यातली एक गाठ ओढली. "मला वाटलं, एक वर्ष. अजून एकच वर्ष राहू दे. पुढच्या वर्षी जाईल. मॅटवर तिला हरू द्यायला माझं मन होईना, आणि तिला हरवणारं होतं कोण? काट्यावर बाद झाली तर बट्टा लागत नाही, असं वाटलं मला."

"तिला खोटारडी म्हणाले. तुम्ही शेजारी उभे होता."

"हो."

"आणि आता ती शनिवारी बोटीवर मासे कापत निघालीय. राहिली कुठे?"

वस्तादांनी दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिला ती नजर आवडली नाही.

"तू शहाणी आहेस, अल्मेरिंदा. पण एकटी तूही आहेस. मी आज बैठकीत तिची बाजू घेतो. म्हणतो, पोर दमली होती, माफ करा, पट्टा परत घेऊ दे. ती बोट सोडेल. उद्या पुन्हा दारातून 'मावशी' म्हणत येईल. खरं सांगितलंस तर स्पर्धेला तिचं नाव जाईल, आणि तीही जाईल. जाणारी माणसं परत येत नाहीत, हे तुला मी सांगायला हवं का?"

अल्मेरिंदाला कुरितिबाचा मुलगा आठवला. रविवारचा फोन आठवला, जो हल्ली सोमवारी यायचा, किंवा यायचाच नाही. वस्ताद म्हणत होते त्यात एक शब्दही खोटा नव्हता. गप्प बसणं सोपं होतं.

तिने डगला त्यांच्या मांडीवरच्या जाळ्यावर ठेवला.

"बैठकीला घेऊन या," ती म्हणाली. "तुम्ही नाही आलात तर मी बोलेन. पण तुम्ही बोललात तर तिला जास्त बरं वाटेल. आणि तुम्हालाही."

"मला नाही बरं वाटणार."

"नाही वाटणार," तिने कबूल केलं, आणि ती तायनाराला आणायला धक्क्यावर गेली.

७

शुक्रवारी संध्याकाळी समितीची मंडळी तालमीत टेबल-खुर्च्या मांडून बसली, टेबलावर तायनाराने सोडून दिलेला पट्टा. ओझिएलने केटलेनचं नाव वाचलं. केटलेन उभी राहून म्हणाली, मला नको. ओझिएलने कारण विचारलं, आणि ती काही बोलायच्या आत वस्ताद दारात दिसले. हातात डगला. खुंटीवर नुसता पट्टा लटकत होता, आणि त्याच्याकडे बघून पोरांमध्ये कुजबुज सुरू झाली.

तायनारा भिंतीला टेकून उभी होती. हाताला अजून माशाचा वास.

"तुझा किमोनो घाल," वस्ताद तिला म्हणाले. "आणि काट्यावर चढ."

ती चढली. आकडा हिरवा होता.

"आता फक्त हा डगला बदल."

तिने त्यांच्या हातातून जुना डगला घेतला. अंगात घातला आणि तिचे खांदे आठवणीने खाली आले. तिने एकदा अल्मेरिंदाकडे पाहिलं. मग काट्यावर चढली. आकडा लाल झाला. ओझिएल खुर्चीतून उठून वाकून बघायला आला, आणि त्याने तो आकडा दोनदा वाचला.

"हा मी तुझ्या हातात दिला होता," वस्ताद म्हणाले. "माझ्या हाताने धुतला, माझ्या हाताने त्यावर तुझं नाव शिवलं, आणि परतल्यावर उसवून पुन्हा तुझ्या डगल्याला लावलं. पोरीने काही खाल्लं नव्हतं. नाव तिचंच पाठवा."

"का?" तायनारा म्हणाली.

वस्तादांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. अल्मेरिंदाला ते सगळं ठाऊक होतं. धक्का, फोन, खिडक्या. पण तिथे, सगळ्यांसमोर, त्या माणसाला त्यातलं काही बोलता आलं नाही.

"तू जाशील म्हणून," एवढंच ते म्हणाले.

तायनाराने डगला उतरवला. तो आता जमिनीवर आपटेल असं सगळ्यांना वाटलं. तिला तेवढा हक्क होता. पण ती गुडघ्यांवर बसली, डगला मॅटवर पसरला, बाह्या आत घेतल्या, मधोमध दुमडला. त्यांनीच लहानपणी शिकवलेली घडी. मग दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

वस्तादांनी घडी घेतली. त्यांच्या डोळ्यांत न बघता तिने आपला जांभळा पट्टा टेबलावरून उचलून कमरेला बांधला.

८

तायनारा स्पर्धेला गेली. धक्क्यावर केटलेन होती, ओझिएलसुद्धा होता, अल्मेरिंदा होती. बोट लांब गेल्यावर अल्मेरिंदाला माल चढवण्याच्या फळ्यांमागे एक म्हातारा उभा दिसला. त्याने हात केला नाही. तायनाराने त्याला पाहिलं की नाही, ते कळलं नाही.

पुढे साओ पाउलोच्या एका तालमीने तिला ठेवून घेतलं, आणि पहिल्या आठवड्यात रोज फोन आला. साओ पाउलोच्या थंडीबद्दल, तिथल्या बेचव फारिन्याबद्दल. "मावशी, इथे खिडक्या उघडतच नाहीत," ती म्हणाली. मग फोन रविवारी यायला लागला.

समितीने वस्तादांना प्रमुखपदावरून काढलं. किल्ली केटलेनकडे गेली. एका सोमवारी सराव सुरू होताना ते दारात आले, चपला काढल्या, भिंतीला नमस्कार केला. खुंटीवर आता पट्टा एकटाच होता. ते पट्ट्याशिवाय आले होते. रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभे राहिले, पांढऱ्या पट्ट्यांच्या नवशिक्या पोरांच्याही खाली.

केटलेनने जोड्या करायला सांगितल्या. पोरं भराभर एकमेकांसमोर बसली. वस्तादांच्या पुढ्यात कुणी गेलं नाही. ते गुडघ्यांवर बसून राहिले, तळवे मांडीवर, समोरच्या रिकाम्या मॅटकडे बघत. त्या मॅटवर कुणी त्यांना हात लावणार नव्हतं, आणि त्याचा अर्थ काय असतो हे त्या खोलीत अल्मेरिंदाइतकं कुणाला माहीत नव्हतं.

तिचा राग गेला नव्हता. तायनाराचे आत गेलेले गाल तिला रोज दिसायचे. ती उठली, गुडघे कुरकुरले, आणि जाऊन त्यांच्यासमोर बसली. हात पुढे केला. त्यांनी तिच्या हातावर हात मारला, अगदी हलकेच, जणू परवानगी मागत होते.

तिने त्यांची कॉलर पकडली.

"अंगठा आत घे," वस्ताद सवयीने म्हणाले. "घट्ट धर."

"शिकवू नका," अल्मेरिंदा म्हणाली, आणि घट्ट धरलं.